म्हाताऱ्याची खुर्ची

अन्सेल्मोचं पुस्तक मी स्वतःच्या हातानं घरी आणलं, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणी आणलं असतं तर निदान चार शिव्या हासडायला माणूस तरी मिळाला असता.

रविवार होता. माझा धाकटा भाऊ झेफेरिनो, त्याची बायको इव्होन आणि मी, नेहमीसारखे जेवायला बसलो होतो. मधे लसूण-कोथिंबीर घातलेल्या शिंपल्यांचं पातेलं होतं. मी पिशवीतून पुस्तक काढून ऐटीत पातेल्याशेजारी ठेवलं. आठवडाभर मी गावात मिरवत होते. पावाच्या दुकानात, टपालात, चर्चच्या पायरीवर, दिसेल त्याला गाठून सांगत होते, की तीन उन्हाळे अन्सेल्मोनं आणि मी पोर्तुगालचा सगळा किनारा पालथा घातलाय, त्याचं पुस्तक आलंय. वाचलं मात्र नव्हतं. सगळीकडे मी बरोबर होतेच, त्यात वाचायचं काय?

"फोटो आहे का गं तुझा?" इव्होननं हात पुसून पुस्तक उचललं.

"बघ की."

तिनं पुढून मागून चाळलं. "फोटो नाही. पण शेवटी आभार मानलेत. 'माझ्या प्रवासातल्या चालक ओतिलिया.'"

"चालक!" झेफेरिनो खदाखदा हसला. "ताई, निदान खोटं तरी नाही लिहिलेलं."

मीही हसले, जरा ओढूनताणून. म्हटलं, "ते जाऊ दे, आपलं गाव काढ. सगळ्यात शेवटी असेल."

इव्होननं पान काढलं आणि शाळेत वाचतात तसं मोठ्यानं वाचायला लागली. "'पडक्या पवनचक्कीपासून डावीकडे तांबड्या मातीची पायवाट धरा. दोनशे पावलांवर कातळात दोर बांधायची लोखंडी कडी दिसेल. तिच्याखालच्या खडकाला इथला एक माणूस म्हाताऱ्याची खुर्ची म्हणतो. हे नाव तुम्हाला कुठल्याही नकाशात सापडणार नाही.'" ती थांबली. "म्हाताऱ्याची खुर्ची? हा कुठला रे खडक? मी तर कधी ऐकलं नाही."

झेफेरिनोनं पावाचा तुकडा ताटात ठेवला. त्यानं बायकोकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"तू सांगितलंस?"

"अरे, ऐक तर..."

"हो की नाही, एवढंच सांग, ओतिलिया."

जन्मात त्यानं मला नावानं हाक मारली नव्हती. मी हो म्हटलं. तो उठला, इव्होनला म्हणाला, "उरलेलं झाकून ठेव," आणि बाहेर गेला.

झेफेरिनो पर्सेवेश काढतो. जिथे लाट जोरात फुटते तिथेच खडकाला ते बोटाएवढे काळे शिंपले धरतात, त्यामुळे दोराला लटकून, दोन लाटांच्या मधे खरवडून काढावे लागतात. आमचा बापही हेच करायचा आणि त्याचा बापही. आमच्याकडे प्रत्येक घराचे आपापले खडक असतात, त्यांना घरातलीच नावं असतात, आणि ती नावं कुणी उच्चारत नाही. मात्र घरातल्या एका माणसाला ती सांगून ठेवतात. निघताना त्याच्या कानात त्या दिवसाचं नाव सांगायचं, म्हणजे माणूस परत आला नाही तर कुठे शोधायचं ते कळतं. बायकोला सांगत नाहीत, तिनं रोज सकाळी जीव मुठीत धरून बसू नये म्हणून. झेफेरिनोनं मला निवडलं होतं. बाप गेल्यापासून एकोणीस वर्षं तो माझ्या दारात थांबायचा, एक नाव सांगायचा आणि जायचा. संध्याकाळी मी त्याचे बूट बघायची. खुर्चीकडची माती तांबडी, उत्तरेच्या खडकांकडची वाळू पांढरी. बूट बघितले की माझं मन निवांत व्हायचं.

आणि मी ते नाव अन्सेल्मोला सांगितलं.

त्याला गाडी चालवता यायची नाही आणि मला घरात बसवत नव्हतं, एवढ्यावर आमची ओळख झाली. नवरा वारल्यावर पावाची गाडी मीच चालवायची. अन्सेल्मो लिस्बनहून आला, किनाऱ्यावर पुस्तक लिहायचंय म्हणाला, आणि मी पाव दुसऱ्यावर सोपवून निघाले. पोर्तोला तो दारूच्या तळघरांपाशी घुटमळत होता. मी त्याला ओढत त्या बोळात नेलं जिथे गुरुवारी घराघरात आतडी शिजतात. अव्हेरोच्या कालव्यात रंगीत होडी चालवणाऱ्या म्हाताऱ्याला मी असं बोलतं केलं, की त्यानं आम्हाला घरी नेऊन ईल माशाचं कालवण वाढलं. नाझारेला तर हा फक्त समुद्राचे फोटो काढून निघणार होता. तिथे सात सात परकर नेसलेल्या बायका 'खोली मिळेल' अशा पाट्या धरून रस्त्याच्या कडेला बसतात. मी जाऊन त्यांच्यात बसले. अर्ध्या तासात कोण विधवा, कुणाच्या खोलीला ओल येते, कुणाची सून कुणाशी बोलत नाही, सगळं बाहेर आलं. अन्सेल्मो गुडघ्यावर वही ठेवून भराभर लिहीत होता.

"तू बोलत राहा, ओतिलिया," तो म्हणायचा. "तू थांबलीस की माझं पेनही थांबतं."

माझा नवरा उभ्या आयुष्यात मला 'जरा गप्प बस' याखेरीज काही म्हणाला नव्हता. छप्पन्नाव्या वर्षी मी त्या पेनवाल्याच्या प्रेमात पडले, त्यात लाजायचं काय?

तिसऱ्या उन्हाळ्यात उत्तरेला, कामीन्याजवळ, त्यानं मला गाडी थांबवायला सांगितली. पाइनच्या रानातून, एका बंद देवळाच्या मागून आम्ही छोट्याशा खाडीवर उतरलो. त्याची आई तिथे समुद्रातलं शेवाळ गोळा करायची, शेताला खत म्हणून.  तो म्हणाला, "आई गेली तेव्हा मी इथे येऊन रडलो होतो. हे पुस्तकात नको."

"नको तर नको," मी म्हटलं.

त्यानं माझा हात हातात घेतला. हा माणूस आता आपला झाला, असं मला वाटलं, आणि आपल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं. आठवड्यानं मी त्याला पवनचक्कीपासून चालत नेलं, कडी दाखवली, बापापासून आलेलं खडकाचं नाव सांगितलं. म्हटलं, "हेही पुस्तकात नको हं."

"वेडी आहेस का? हे काय सांगायला हवं?"

मे महिन्यात पहिली सुट्टी लागली आणि पवनचक्कीपाशी मोटारींची रांग लागली. लोक सपाता घालून, लहान मुलांच्या खेळण्यातल्या बादल्या घेऊन खाली उतरायला लागले. झेफेरिनो जे पिल्लू शिंपले हात न लावता वाढू देत होता, तेही त्यांनी सुरीनं खरवडून नेले. खुर्ची पंधरा दिवसांत बोडकी झाली. गावात कुणी मला बोललं नाही, फक्त पावाच्या दुकानात मी शिरले की गप्पा थांबायच्या.

मी गाडी काढली आणि लिस्बन गाठलं. एका पुस्तकाच्या दुकानात तो सह्या देत बसला होता.

"अरे, ओतिलिया!" उठून त्यानं दोन्ही गालांचे मुके घेतले. "वाचलंस? कसं वाटलं?"

"तू खुर्ची लिहिलीस."

"हळू बोल. अगं, पोर्तो, नाझारे, पेनिश या गावांवर सगळेच लिहितात. वाचकाला हातात धरून न्यावं असं एखादं ठिकाण लागतंच. तुमच्या गावाला फायदाच आहे."

"आणि कामीन्याची खाडी? मी दोनदा पानं उलटून बघितली. वियाना गावाचं प्रकरण संपतं आणि एकदम स्पेनच्या सरहद्दीची नदी येते."

त्यानं पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"ते वेगळं आहे."

"काय वेगळं आहे रे?"

"ते माझ्या आईचं आहे, ओतिलिया."

मी सरळ दुकानाबाहेर पडले. येताना मला वाटत होतं, विसरला असेल, वेंधळा आहे, माफ करून टाकू. पण हा विसरला नव्हता. गुपित म्हणजे काय, ते कसं झाकायचं, कुठल्या पानावर काय गाळायचं, हे त्याला चांगलं माहीत होतं. त्यानं स्वतःची आई झाकून ठेवली आणि माझा बाप बाजारात मांडला. उत्तर मला सुचलं ते परतताना पुलावर. "ती खुर्ची माझ्या बापाची होती," असं मी रिकाम्या गाडीत इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या ट्रकवाल्यानं काच खाली करून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेफेरिनो अंगणात दोर तपासत होता. मी त्याला सगळं सांगितलं, खाडीसकट.

"मग सांगून टाक ना गावभर," तो मान वर न करता म्हणाला. "त्याच्या खाडीतही जाऊ देत बादल्या."

"नाही सांगणार."

"का?"

"त्यानं नको म्हटलं होतं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं.  आता हा ताई म्हणेल, असं मला वाटलं. तो दोर खांद्यावर टाकून चालायला लागला, माझ्या दारापाशी न थांबता.

"झेफेरिनो, आज कुठे?"

"दोनला पाणी चढतं. तोवर आलो नाही तर शोध."

"अरे, पण कुठे शोधू?"

फाटकातून तो वळला. "सगळा किनारा पालथा घातलायस ना? मग आणखी एकदा घाल."

मी पवनचक्कीपाशी जाऊन उभी राहिले. वारा सुटला होता आणि पाणी फुगलेलं होतं. डावीकडे बघावं तर वाटे उजवीकडे असेल, उजवीकडे बघावं तर डावीकडे. नाव माझ्याकडे असायचं म्हणून एकोणीस वर्षं इव्होननं जे भोगलं नव्हतं आणि मीही भोगलं नव्हतं, ते त्या दिवशी मी भोगलं. दोनला पाच मिनिटं असताना मला राहवेना, म्हणून त्याच्या घराकडे पळत सुटले.

तो आला होता. स्वयंपाकघरात इव्होन त्याला सूप वाढत होती.  सवयीनं मी दाराशी काढून ठेवलेल्या त्याच्या बुटांकडे पाहिलं. ते ओले होते, तळव्याच्या खाचाखाचांतून ब्रशनं घासलेले होते. तांबडी मातीही नव्हती आणि पांढरी वाळूही नव्हती. फाटकाबाहेरच्या नळाखाली अजून पाणी साचलेलं होतं.