मोतीबिंदू पिकेपर्यंत

ऑपरेशनला अडतीस दिवस झाले होते आणि केशरबाईंनी घरातल्या एकेका वस्तूची झाडाझडती चालवली होती. पंख्याच्या पात्यांवरची धूळ झाली, कुकरचं काळं पडलेलं बूड झालं. त्या दिवशी पाळी मसुरीच्या डाळीची होती. सकाळच्या उन्हात दारात बसून, काळा चष्मा कपाळावर सरकवून त्या खडे वेचत होत्या.

"यशे, ही डाळ कोणी निवडली गं?"

"तूच. दिवाळीच्या आधी."

"अगं बया! म्हंजे दोन वर्षं खडेच खाल्ले की आपण. तू कावून बोलली न्हाईस?"

"सवय झाली होती," यशोधरा म्हणाली.

केशरबाई हसल्या. मग मान वर करून त्यांनी लेकीकडे नीट पाहिलं. "अन् तुझे केस बी लई पांढरे झाले की. मला कुणी सांगितलं बी न्हाई."

यशोधराने हात धुतले, आईची मान मागे केली आणि डोळ्यात थेंब टाकला. केशरबाई डोळा मिटून म्हणाल्या, "बरं झालं बाई, पिकू दिला. कच्चाच काढला असता तर इतकं लख्ख दिसलं असतं व्हय? तू त्या डॉक्टरचं ऐकलंस म्हणून."

डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. दोन वर्षांपूर्वी केशरबाई बाहेर बाकावर बसल्या असताना ते यशोधराला म्हणाले होते, "हल्ली पिकायची वाट बघत नाहीत. त्यांना दिसायला त्रास होतोय ना? मग पुढच्या आठवड्यात घेऊन या." ती कॉलेजात ग्रंथपाल होती. ग्रंथालयाची तपासणी तोंडावर आली होती आणि घरात थेंब घालायला दुसरं कुणी नव्हतं. बाहेर येऊन ती म्हणाली, "अजून पिकला नाही म्हणतात." गावाकडे सगळे असंच म्हणत, त्यामुळे केशरबाईंनी पुढे काही विचारलं नाही. तपासणी महिन्याभरात आटोपली. आता नेऊ, मग नेऊ, असं करत दिवस गेले. नेलं तर तिथे डॉक्टर काय बोलतील, याचीही धास्ती होतीच. तोवर केशरबाई भिंत धरून चालायला शिकल्या, माणसं आवाजावरून ओळखू लागल्या. धर्मापुरीला धाकट्या बहिणीकडे त्या एकट्या एसटीने जात, ते बंद झालं.

आता सांगावं, असं यशोधराला वाटलं. ती म्हणाली, "चहा ठेवू का?"

"ठेव. अन् साखर मी घालते, आता दिसतीय मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी केशरबाई उठल्या नाहीत. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. डोळ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. यशोधराने विचारलं नव्हतं.

केशरबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. धर्मापुरीहून आलेल्या रतनबाईंना त्यांची सून मंजुषा हाताला धरून आत घेऊन आली. रतनबाईंनी यशोधराचा चेहरा चाचपला.

"मला बी आलाय बघ, दोन्ही डोळ्यांत."

"डॉक्टरांनी तारीख दिलीय," मंजुषा म्हणाली. "पण ऐकतच नाहीत. ताई, तुमीच सांगा. तुमी शिकलेल्या."

"ती काय सांगती? अक्कानं दोन वर्षं दम धरला, मग कसं लख्ख झालं! मी बी पिकू देणार."

"मावशी, आता तशी पद्धत राहिली नाही," यशोधरा म्हणाली. "वाट बघू नका."

एवढ्यावर भागलं असतं तर तिला हवंच होतं.

"मग अक्काला कावून थांबवलं?" रतनबाई म्हणाल्या. "का तिला एक अन् मला एक? म्हातारीला उगं घाई करू नगा. मी न्हाई जायची."

मंजुषाने कपाळाला हात लावला. सतरंजीवर बसलेल्या बायका इकडे पाहू लागल्या. यशोधरा रतनबाईंच्या समोर खाली बसली.

"आईलासुद्धा थांबायची गरज नव्हती मावशी. डॉक्टरांनी तेव्हाच बोलावलं होतं. मला रजा काढायची नव्हती, म्हणून मी आईशी खोटं बोलले."