गुडघ्याएवढा उजेड

अण्णासाहेबांच्या जीपवर दोन मोठे दिवे बसले, त्या संध्याकाळी कुंभार पिंपळगावच्या स्टँडवर मल्हारी ड्रायव्हरभोवती निम्मं गाव जमलं. जालन्याहून आणलेले दिवे, ट्रकला लावतात तसले, ताटलीएवढे. भुजंग मिस्त्रीने ते समोरच्या काचेच्या वर, चौकटीवर कसले होते.

"आता इथून बटन दाबलं तर घनसावंगीत लोक उठून बसतेत," भुजंग म्हणाला.

मल्हारी हसला. पण दिवे त्याने मिरवायला लावले नव्हते. जीप दिवसा अण्णासाहेबांच्या कापसाच्या कामाला फिरे. रात्री मात्र तिची किल्ली मल्हारीच्या उशाशी असे. गोदाकाठच्या एखाद्या वस्तीवर बाई अडली, की दवाखान्यातल्या नर्स कौसल्याबाई निरोप धाडत आणि मल्हारी दोघींना अंबडच्या मोठ्या दवाखान्यात पोचवी. काही वर्षांमागे त्याची बायको इंद्रायणी अशीच अडली होती. तेव्हा जीप नव्हती. बैलगाडी अंबडला पोचायला दुसरा दिवस उजाडला. इंद्रायणी वाचली, बाळ वाचलं नाही. म्हणून ती किल्ली दुसऱ्या कुणाच्या उशाशी जावी, असं मल्हारीला कधी वाटलं नाही.

पौषात धुकं पडलं आणि नव्या दिव्यांनी दगा दिला.

एका पेशंटला पोचवून तो आणि कौसल्याबाई पहाटे परत येत होते. मल्हारीने वरचे दिवे लावले आणि समोर पांढरी भिंतच उभी राहिली. रस्ता नाही, कड नाही, काही नाही. त्याने ब्रेक दाबला तोवर डाव्या अंगाची दोन्ही चाकं रस्त्याकडेच्या चारीत उतरली होती. लागलं कुणालाच नाही. बाईंची औषधाची पेटी तेवढी उलटली आणि आयोडीनची बाटली फुटली. तो वास जीपला आठवडाभर येत होता.

"मल्हारीभाऊ, राग धरू नका," बाई साडी झटकत म्हणाल्या. "पण रात्रीची मी आता तुमच्या जीपमधी बसणार न्हाई. बैलगाडी हळू जाती, पण बैलाला रस्ता दिसतो."

बाई खरं तेच बोलत होत्या.

घरी तो बंपरवर मान खाली घालून बसला. म्हातारा बिरू, त्याचा बाप, वाड्यात मेंढरं कोंडून कंदील घेऊन आला. उभा जन्म त्याने मेंढरांमागे काढला होता. आता वीसेक उरली होती.

"काय झालं रं मल्ह्या?"

"आबा, एवढे मोठे दिवे लावले, तरी धुक्यात कायबी दिसंना."

"कुठं लावले?"

"वर. काचेच्या वर."

म्हातारा जीपकडे बघत राहिला आणि मग खो-खो हसला. "कंदील कपाळाला बांधून मेंढरामागं कोण गेल्तं रं आजवर? ऊठ, चल."

घरामागच्या पाणंदीत धुकं उतरलं होतं. बिरूने कंदील मल्हारीच्या हातात दिला. "डोळ्याच्या बराबर धर. काय दिसतं?"

"कंदील," मल्हारी म्हणाला. "अन् धूर."

"आता खाली घे. गुडघ्यापाशी."

मल्हारीने हात खाली सोडला आणि पाणंद जागी झाली. प्रत्येक खड्याच्या पाठीमागे सावली पडली. चाकोरीचे खड्डे काळ्या पाण्याने भरल्यासारखे दिसू लागले. धुकं डोळ्यांसमोर होतंच, पण त्याच्या बुडाखालून दहा पावलं वाट स्वच्छ पुढे गेली होती.

"खड्डा दिसतो त्याच्या सावलीनं," म्हातारा म्हणाला. "वरून उजेड टाकला की सावलीच पडत न्हाई. अन् धुक्यातला उजेड माघारी आपल्याच डोळ्यात येतो. तुझ्या आज्यानं मला हे काठी मारून शिकवल्तं. तू शाळेत गेल्तास, तुझं राहून गेलं."

सकाळी मल्हारी भुजंगकडे गेला.

"बंपरच्या खाली?" भुजंग ओरडला. "जीपच्या पायात पैंजण घालून राह्यला का काय?"

"घाल म्हणतो ना."

भुजंग हसत हसत कामाला लागला, पण काम त्याने मन लावून केलं. दोन पट्ट्या ठोकल्या, दिवे बंपरखाली एकमेकांपासून लांब बसवले, तोंडं जराशी जमिनीकडे वळवली. आधीची बारीक तार गरम होत होती, ती काढून जाड घातली. खालच्या दिव्यांचं बटन वेगळं केलं, म्हणजे धुक्यात जीपचे मूळचे दिवे विझवून फक्त हेच लावता येतील. काचांवर पिवळा जिलेटिन कागद चिकटवला.

कौसल्याबाईंनी मात्र जीपकडे ढुंकून पाहिलं नाही.

चौथ्या रात्री नदीकाठचा मच्छिंद्र आपल्या बायकोला, बेबीनंदाला, बैलगाडीत घालून दवाखान्यात आला. बाईंनी पोट तपासलं. मूल आडवं होतं. अंबड गाठायलाच पाहिजे होतं. बाहेर हात लांब केला तर बोटं दिसू नयेत असं धुकं. बैल अजून जुंपलेलेच होते. गाडी आल्याचं कळताच मल्हारी जीप घेऊन येऊन उभा राहिला.

बाईंनी एकदा बैलांकडे पाहिलं, एकदा जीपकडे. "मच्छिंद्र, जल्दी आत गोधडी अंथरा. तवर मी बघते." त्या जीपच्या पुढे धुक्यात चालत गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. तिकडून त्यांचा आवाज आला, "मल्हारीभाऊ, रस्त्यात काय ठेवलं सांगा!"

मल्हारीने जीपचे मूळचे दिवे विझवले, खालचे लावले आणि पुढे वाकला. पिवळ्या उजेडात मातीवर काहीतरी बारकं पडलं होतं आणि त्याची लांब सावली.

"चप्पल हाय!"

"कुणाची?"

"तुमची. डाव्या पायाची. अंगठ्यापाशी तुटलेली, तार बांधलीय."

मग बाई एका पायात चप्पल, एक हातात अशा परत आल्या. "तारेचं गावात सांगू नका," म्हणाल्या आणि बेबीनंदाचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसल्या.

मल्हारीने सगळा रस्ता दहा-दहा पावलांनी तोडला. खड्डा आला की आधी त्याची सावली येई आणि तो चाक वळवी. अंबडला पोचले तेव्हा कोंबडं आरवलं नव्हतं. उजाडायच्या आत मुलगी झाली. बेबीनंदाही बरी होती.

परत निघाले तेव्हा अजून अंधार होता आणि धुकं तसंच होतं. बाई पुढे बसल्या, पेटी मांडीवर. एरवी समोरची दांडी घट्ट धरून "हळू, हळू" म्हणणाऱ्या बाई आज गप्प होत्या. मल्हारीने हळूच पाहिलं. दांडीवरचा हात सुटला होता, मान खांद्यावर कलली होती. बाई गाढ झोपल्या होत्या.

पुढे उजेडात आधी पायच दिसले, पुष्कळसे, बारीक. मेंढरं रस्ता ओलांडत होती. त्यांच्यामागे जमिनीलगत एक कंदील हलत येत होता.

मल्हारीने जीप थांबवली. त्याचा हात हॉर्नवर गेला आणि तसाच माघारी आला. शेवटचं मेंढरू रस्त्यावरून उतरेपर्यंत तो थांबून राहिला.