एकशे ब्याऐंशी नावांचं पुस्तक

मी एक जुनं पुस्तक आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. मित्रांनो, पुस्तकानं शांत असावं असं तुम्हाला वाटत असेल, तर वाटू द्या. माझ्या कव्हरचा रंग उडाला, वाळवीनं पाठीला दोन भोकं पाडली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार माणसांबद्दल आहे, आणि जिनं मला लिहिलं त्या ताईबद्दल सगळ्यात जास्त.

ताई दवाखान्यात एक्स-रे काढायची. लहानपणी ती ज्या तलावात पोहायला शिकली, तिथल्या सरांवर तिला पुस्तक लिहायचं होतं. सर कुणी नावाजलेले नव्हते. चाळीस वर्षं एकाच तलावाच्या काठावर उभं राहून त्यांनी मुलांना शिकवलं. "आधी पाण्यावर पडून राहायला शिका, घाई कसली?" म्हणायचे, आणि भित्र्यातलं भित्रं मूलसुद्धा आठवड्याभरात पाण्यावर निवांत पडलेलं दिसायचं. एका प्रकाशकानं हस्तलिखित न उघडताच विचारलं, "या सरांना ओळखतं कोण?" झालं, ताई इरेला पेटली. "मग मीच छापते," म्हणाली.

तिनं शब्द पाळला, हे मान्य करायलाच हवं. ड्यूटी संपली की जेवणाच्या टेबलावर बसून ती लिहायची. माझा कागद तिनं बोटांनी चाचपून निवडला. शेवटच्या पानांवर सरांच्या सगळ्या विद्यार्थ्यांची यादी होती. छापखानेवाले काका म्हणाले, "नावं अकारविल्हे लावतो."

"नको काका. जो ज्या क्रमानं तलावात उतरला, त्या क्रमानं. सरांच्या हजेरीवहीत तसंच आहे."

डोळ्यांत तेल घालून तिनं ती यादी सहा वेळा तपासली. एकशे ब्याऐंशी नावं भरली. छापखान्यातून माझ्या भावंडांचे गठ्ठे तिच्या दादानं घरी आणले. दादा घड्याळं दुरुस्त करायचा. सगळे गठ्ठे त्यानं डाव्या खांद्यावरून वाहिले, कारण उजवा हात त्याला खांद्याच्या वर नेता येत नसे.

प्रकाशन सकाळी, तलावाच्या काठावरच झालं. पाहुणे अर्धा तास बोलले, तेही स्वतःबद्दल. मग लोकांनी आम्हाला हातात घेतलं आणि माझं डोकं फिरलं. एकजात सगळ्यांनी आम्हाला मागून उघडलं! यादीवर बोट फिरवायचं, आपलं नाव शोधायचं, शेजाऱ्याला दाखवायचं, फोटो काढायचा आणि पुस्तक पिशवीत टाकायचं. एका गृहस्थानं तर माझ्या भावंडावर चहाचा कप ठेवला. मग आधीची दोनशे पानं तिनं कुणासाठी लिहिली होती?

मला सरांनी हातात घेतलं होतं. त्यांनीही मला मागूनच उघडलं. मनात म्हटलं, घ्या, हेही त्यातलेच! पण सर स्वतःचं नाव शोधत नव्हते. त्यांचं बोट एकेक ओळ उतरत गेलं आणि शहाण्णवाव्या नावावर थांबलं.

"अगं, शहाण्णवावर तू कशी?" त्यांनी विचारलं. समोरचा माईक चालू होता.

"माझा नंबर तोच आहे, सर."

"तुझा सत्त्याण्णव. तुझा हात धरून पायऱ्या कोण उतरलं होतं? दादा कुठाय तुझा?"

दादा मागे विक्रीच्या टेबलाशी उभा होता. त्यानं मान खाली घातली आणि उगाचच पुस्तकं नीट लावू लागला.

मित्रांनो, ही नजरचूक नव्हती. ते नाव ताईनं मुद्दाम गाळलं होतं. दादा सोळा वर्षांचा असताना त्याचा खांदा दुखायला लागला. दोन दिवस तो सांगत होता. स्पर्धा तोंडावर आलेली. सर म्हणाले, "थोडं दुखणारच, चल उतर." तिसऱ्या दिवशी खांदा कायमचा गेला. घरात त्यावर पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही. आता यादीत दादा आला की कुणीतरी विचारणार, हा एवढा चांगला पोहायचा, मग सोडलं का? सरांच्या नावाला बट्टा लागणार. म्हणून हिनं सख्ख्या भावाला वगळलं. त्याला विचारलंही नाही. गठ्ठे मात्र त्याच्याकडूनच वाहून घेतले! सांगा, मी चिडू नको तर काय करू?

दुसऱ्या दिवशी सर मला काखेत मारून ताईच्या घरी आले. उरलेल्या सगळ्या प्रती त्यांनी बाहेर काढायला लावल्या. खिशातलं पेन काढून त्यांनी आधी माझ्यात, पंच्याण्णव आणि शहाण्णव यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, दादाचं पूर्ण नाव लिहिलं. त्यापुढे लिहिलं : 'याचा खांदा माझ्या हट्टानं गेला. तो खरं सांगत होता.'

"सर, असं नका ना लिहू," ताई रडकुंडीला आली. "तुमचा मान राहावा म्हणून तर सगळं केलं."

"मान गेला खड्ड्यात," सर म्हणाले. "पुढची प्रत दे."

चार दिवस ते रोज येऊन लिहीत होते. लिहून लिहून अक्षर वाकडं व्हायचं. वाटलेल्या प्रती ताईनं लोकांकडे परत मागितल्या. बहुतेकांनी सांगितलं, "राहू दे गं, आमचं नाव बरोबर आहे." ती माणसं आठवली की माझी पानं आजही फडफडतात.

शेवटी सरांनी मला दादाच्या दुकानात नेलं आणि काउंटरवर त्याच्यापुढे उघडून धरलं. मागोमाग आलेली ताई दारातच थांबली. दादानं डोळ्यावरचं भिंग काढलं. ती ओळ त्यानं वाचली, परत वाचली. मग तो सरांकडे वळला.

"बावीस वर्षं मला वाटत होतं, सर, मीच कच्चा होतो," तो म्हणाला. "सगळे गप्प होते ना."

सरांनी काउंटरवर डोकं टेकलं. ताई दारातच खाली बसली.

मित्रांनो, मला वाळवीपासून जपा, मला कोरं कव्हर घाला, असलं काही मी मागणार नाही. पण ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याच्याबद्दल लिहिताना त्याला धुऊनपुसून चकाचक करू नका. तो मोठा असेल तर त्याच्या चुकीसकट मोठा राहील. आणि कुणाचं नाव गाळायचंच असेल, तर निदान आधी त्याला तोंडावर सांगण्याची हिंमत ठेवा.