टिटवीचा परीस आणि बाबांचं फडकं

ठाकुर्लीच्या पलीकडे सखुबाईंच्या शेतात त्या रविवारी जत्रा भरलेली. माणसं वाकून वाकून ढेकळं उलथत होती आणि डोक्यावर टिटव्या जिवाच्या आकांताने ओरडत होत्या. बांधावर खुर्ची टाकून परीसबाबा बसलेले. अंडं फोडायला टिटवी घरट्यात परीस ठेवते, ही आजीच्या तोंडची गोष्ट. बाबांनी तिचं दुकान मांडलं. घरट्यातला खडा आणा, दक्षिणा ठेवा, बाबा त्याला जागं करणार.

हे शेत गावाने पक्ष्यांसाठी राखलेल्या पट्ट्यातलं. इथे टिटव्या आता मोजक्याच उरल्यात, म्हणून पिल्लं चालती होईपर्यंत सखुबाई नांगर लावत नाहीत. त्या दिवशी दोन घरटी चपलांखाली गेली. फुटलेलं अंडं ओंजळीत घेऊन त्या मला म्हणाल्या, "ही पाखरा मेली त कोनाचा भला होनार?"

मी डोंबिवलीच्या शाळेत विज्ञान शिकवते. माझं टाळकंच सणकलं.

बाबांनी लोखंडी खिळा लिंबाने 'शुद्ध' केला, ओल्या फडक्याने खडा पुसला आणि खिळ्यावर घासला. खिळा तांबूस चकाकला. एकाने विचारलं, सोनं लाल कसं? तर म्हणे सत्ययुगातलं सोनं असंच असायचं. आणि बोटं निळी का? तर म्हणे शंकराच्या कंठाचा रंग उतरलाय. वा रे वा! असा निळा रंग आमच्या प्रयोगशाळेत बरणीभर आहे.

मी हात जोडून पुढे गेले. ऊन फार झालंय, घाम पुसायला प्रसादाचं फडकं मिळेल का, म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ते उचललं. सखुबाईंचा नुकताच धार लावलेला विळा घेतला आणि त्यावरून फिरवलं. ना खडा, ना मंत्र. पातं तांबूस झालं.

"बाबा, परीस तर फडक्यात निघाला," मी म्हटलं.

बाबा म्हणाले, शक्ती फडक्यात उतरली. मी मूठभर माती घेऊन पातं खसाखसा घासलं. सोनं मातीत गेलं, खाली तेच जुनं लोखंड. फडकं मोरचुदाच्या पाण्यात भिजवलेलं होतं. मोरचुदात तांबं असतं, ते लोखंडावर बसतं. लिंबू कशाला? तर गंज आणि तेल काढायला.

हशा पिकला. बाबा खुर्ची तिथेच टाकून सटकले. लोक दक्षिणा परत घ्यायला त्यांच्यामागे धावणार, तोच सखुबाईंनी माझ्या हातातला विळा घेऊन आडवा धरला. "बांधावरनं जा. खाली बघून."

पहिल्यांदाच सगळे पाय कुठे पडतोय ते बघून चालले. ढेकळात चार ठिपकेदार अंडी होती, हुबेहूब खड्यांसारखी. तेवढी वाचली. टिटवी येऊन त्यांच्यावर बसली.

बाबांनो, कोणी लोखंडाचं सोनं करून दाखवलं, तर पाया पडण्याआधी त्याचं फडकं मागा. आणि पाय टाकण्याआधी खाली बघा.