दहा मिनिटांचं काम

मी ड्रॉपर बोलतोय. डोंगरात चालवायच्या सायकलीच्या सीटखालचा खांब. हँडलवरची खिट्टी दाबून माझ्यावर बसलं की मी खाली जातो, उठून दाबली की वर येतो. चढाला सीट उंच लागते आणि कड्यासारख्या उताराला ती वाटेतून दूर व्हावी लागते. काम एवढंसंच, पण त्यावर माणसाचे दात शाबूत राहतात.

स्कॉटलंडात, ट्वीड नदीच्या खोऱ्यात, स्ट्रुअन लेडलॉ नावाच्या सुताराच्या सायकलीला मी लागलो. मी लांब मापाचा, त्यामुळे माझं बूड चौकटीच्या वाकणाला टेकलेलं. स्ट्रुअन टापटिपीचा माणूस. साखळी पुसायचा, ब्रेक तपासायचा. माझ्याकडे मात्र ढुंकून बघत नसे, कारण मी कधी कुरकुरलो नाही.

गावातला सायकलवाला वॉटी त्याला दर भेटीत सांगायचा, "अरे, याची मानेवरची कडी सोड, जुनं ग्रीस पूस, नवं लाव. दहा मिनिटांचं काम आहे."

"चालतंय ना? मग उगाच कशाला उकरायचं?" स्ट्रुअन म्हणायचा.

वर त्याचे लाड असे, की चिखलातून आल्यावर वाहनतळावरच्या जोरदार पाण्याच्या नळीने तो मला थेट मानेवर धुवायचा. चिखल बाहेरून जायचा आणि गाळ आत शिरायचा. पुढे सीट जराशी फिरायला लागली, तर या सुताराने लांब चावी घेऊन माझ्याभोवतीचा पट्टा असा आवळला, जसा काही खाटेचा पाय बसवतोय. माझा गळा आवळला गेला. मी सावकाश वर येऊ लागलो. तो म्हणाला, थंडी आहे.

आणि मग तो ऑक्टोबरातला शनिवार आला. त्याची मुलगी इशबेल दुसऱ्याच दिवशी पहाटे न्यूझीलंडला निघणार होती, कायमची. वसंतात त्याचा गुडघा बदलायचा होता, आणि त्यानंतर असले उतार बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे टेकडीवरून दोघांनी मिळून उतरायची ही शेवटची खेप. लहानपणी तो उतार ती बापाच्या मागच्या चाकावर नजर ठेवून शिकली होती.

दोन तास चढून ते माथ्यावर आले. बेकन रोल खाल्ले. हेल्मेटचा पट्टा लावत इशबेल म्हणाली, "बाबा, आज तू पुढे. मी तुझ्या मागे येते, पूर्वीसारखी."

स्ट्रुअनने खिट्टी दाबली आणि बसला. मी हललो नाही. त्याने उठून पुन्हा जोरात बूड आपटलं. मी जीव खाऊन प्रयत्न केला हो, पण आत गाळाचं पीठ झालं होतं. माझ्याभोवतीचा पट्टा ढिला करून पाहिला, पण मला आणखी आत सरकायला जागाच नव्हती. इशबेलने आपली सायकल पुढे केली, पण ती त्याला इतकी लहान, की गुडघे हँडलला आपटायचे. उंच सीटवरून तो उतार म्हणजे डोक्यावर पडणं, हे तिलाही ठाऊक होतं.

"तू जा," तो म्हणाला. "मी रस्त्याने येतो."

ती एकदा मागे वळून पाहून गेली. झाडीत तिची चाकं बराच वेळ ऐकू आली. तो मला ढकलत लाकूड वाहणाऱ्या ट्रकच्या रस्त्याने लंगडत खाली आला. ती दोन पेले चहा घेऊन उभी होती, त्यातला त्याचा गार झाला होता. "पुन्हा कधीतरी येऊ," ती म्हणाली. दोघांनीही मान डोलावली.

त्याच संध्याकाळी त्याने मला उघडलं. पुसलं, ग्रीस लावलं, पट्टा बेताने आवळला. बरोबर दहा मिनिटं लागली. मला वाटत होतं, आधीच मोठ्याने करकरलो असतो, तर निदान या माणसाला ऐकू आलं असतं. गप्प राहून काम केलं, तो माझा मोठेपणा नव्हता, चूकच होती.

आता गुडघा नवा आहे आणि सायकल भिंतीला. दर महिन्याला तो मला उघडतो. फोनवर इशबेल विचारते, ड्रॉपर कसा आहे. "लोण्यासारखा चालतो," तो सांगतो.

तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी बिनतक्रार राबत असेल, तर त्याला आजच उघडून बघा.

ठेवून देताना मला वर ठेवावं, असं वॉटी म्हणतो. स्ट्रुअन मात्र खिट्टी दाबून मला पार खाली बसवून ठेवतो, उतार सुरू होण्याआधी बसवतात तसा. एवढ्या एका गोष्टीवर मी कधीच कुरकुरणार नाही.