मर्यादांचा परिच्छेद

क्लीव्हलंडच्या आमच्या प्रयोगशाळेची व्यवस्था सव्वीस वर्षं माझ्याकडे आहे. कोणता संशोधक किती हुशार, हे मला कळत नाही. फ्रीजचं दार कोण नीट लावतं, हे मात्र कळतं, आणि बहुतेकदा तेवढ्यावरून बाकीचंही कळतं.

सेनाम दार लावून वर तळहाताने दाबून बघायची. घानाची ही मुलगी नवजात बाळांच्या काविळीवर काम करायची. सावळ्या-काळ्या बाळाच्या कातडीवर पिवळेपणा दिसत नाही आणि दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. सेनामने रंगांच्या पट्ट्यांचं एक कार्ड बनवलं होतं. बाळाची हिरडी दाबायची आणि तिचा रंग कार्डाशी ताडून बघायचा. इतकं सोपं होतं, की मोठ्या लोकांना त्याचं कौतुक करायचं सुचलंच नव्हतं.

तिचा व्हिसा डिसेंबरात संपणार होता. ज्याचं काम देशाच्या उपयोगाचं आहे त्याला इथे स्वतःच्या नावाने ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. त्यासाठी जाणकारांची पत्रं लागतात. ती लिहितं कोण? ज्याची स्तुती व्हायची तोच. जाणकार म्हणतात, "मसुदा पाठव, सही करतो." आमच्याकडच्या एका ब्राझिलियन पोराने स्वतःला 'पिढीत एकदाच होणारा संशोधक' म्हणवून घेतलं होतं. त्याच्या पिढीत एकदाच होणारे आणखी तिघे तेव्हा त्याच मजल्यावर बसत होते. चौघांनाही ग्रीन कार्डं मिळाली.

सेनामने आमच्या प्रोफेसर हॅन्सफर्डांसाठी मसुदा लिहिला. त्यांनी सही केली. वकील न लावता तिने अर्ज स्वतःच पाठवला. पानांचे क्रमांक मी तपासले. मजकूर तपासला असता तर ही गोष्टच घडली नसती.

एप्रिलमध्ये सरकारी कचेरीतून जाड लिफाफा आला. सेनाम तो घेऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"ग्लेंडा आंटी, ते पुरावा मागतायत. ऐंशी-पंच्याऐंशी दिवस दिलेत. नाही दिला तर अर्ज फेटाळतील."

मी वाचलं. अधिकाऱ्याने लिहिलं होतं : प्रोफेसरांच्याच पत्रानुसार हे रंगांचं कार्ड एकाच रुग्णालयात तपासलं गेलं आहे, इतरत्र त्याचा उपयोग होतो की नाही हे अज्ञात आहे. शिवाय अर्जदार बैठकीत कमी बोलत असल्यामुळे तिच्या नेतृत्वाविषयी निष्कर्ष काढताना सावध राहावं, असंही पत्रात म्हटलं आहे.

"हे प्रोफेसरांनी लिहिलं?"

"नाही, मी." ती चपलांकडे बघत म्हणाली. "शेवटी मर्यादा लिहायला नकोत का? प्रत्येक शोधनिबंधात लिहितोच की आपण."

"अगं बाई, हा निबंध होता का? स्थळाला पाठवायच्या पत्रात कुणी 'मुलगी घोरते' असं लिहितं का?"

"पण घोरत असेल तर?"

मी तिला तशीच हॅन्सफर्डांच्या खोलीत नेलं. त्यांनी स्वतःचं पत्र पहिल्यांदाच वाचलं.

"हे मी म्हणालो?"

"सही तुमची आहे," मी म्हटलं.

"सही माझी असतेच गं. मी काय म्हणतो हे मला कुठे ठाऊक असतं?" ते चष्मा पुसत म्हणाले. "पण सेनाम, खरं सांग, दुसरीकडे वापरतात का तुझं कार्ड?"

"माहीत नाही सर. विचारलं नाही. लोकांना वाटलं असतं, मी बढाई मारायला फोन केलाय."

मी माझी पार्सलांची वही आणली. कार्ड मागणारी पत्रं माझ्याकडे यायची आणि पार्सल मीच बांधायची. तीन वर्षांत एकोणीस ठिकाणी कार्डं गेली होती. त्यातली सात ठिकाणं अशी, की त्यांनी पुन्हा मागवली होती. एकदा कुणीही काहीही मागवतं. पुन्हा मागवतो तो वापरणारा.

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत!" सेनाम म्हणाली.

"तू कधी विचारलंस? बैठकीत कमी बोलतेस ना तू."

आम्ही एकोणीस ठिकाणी पत्रं पाठवली. फक्त एवढंच विचारलं, की कार्डाचं काय केलंत? चौदा उत्तरं आली. दोन डॉक्टरांनी लिहिलं, कपाटात पडून आहे. सेनाम तीही जोडायला निघाली होती, तेव्हा मी ती पत्रं माझ्या खणात ठेवून त्यावर बसल्यासारखी बसले.

"विचारलेला प्रश्न काय? वापर होतो का? मग वापराचंच उत्तर दे."

"दोन ठिकाणी होत नाही, हेही..."

"सेनाम!"

शेवटी प्रोफेसरांनी तोडगा काढला. बारा पत्रं जोडायची आणि खाली एका ओळीत 'चौदापैकी बारा' असं लिहायचं. तिचं समाधान झालं, माझंही झालं.

मिसिसिपीच्या एका छोट्या दवाखान्यातल्या लव्हर्न नावाच्या नर्सचं पत्र सगळ्यात वर ठेवलं. तिने लिहिलं होतं, 'तुमचं कार्ड माझ्या खिशात असतं. वर्षभरात अकरा बाळांना वेळेवर काविळीच्या निळ्या दिव्याखाली ठेवता आलं. कार्डाचा एक कोपरा कॉफीत भिजलाय, दुसरं पाठवा. कडक पुठ्ठ्यावर छापा, एवढी डोकी आहेत तुमच्याकडे तर.' आठशे मैलांवरून आलेला हा शालजोडीतला हॅन्सफर्डांनी दोनदा मोठ्याने वाचून दाखवला.

सप्टेंबरात अर्ज मंजूर झाला. व्हिसा संपायच्या आधी, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, खुद्द ग्रीन कार्डही आलं. सेनामने त्यावरचं नाव अक्षर अक्षर तपासलं, पाकिटात ठेवलं आणि पाकीट मिटून वर तळहाताने दाबून बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती मोठं पातेलं घेऊन आली. भेंडीचं कालवण आणि बांकूचे, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे. आम्ही चौदा जण हात धुऊन बसलो. हॅन्सफर्डांनी पहिला घास तोंडाजवळ नेला, तोच ती म्हणाली,

"एक सांगायचं राहिलं. मीठ मी एकटीनेच चाखून बघितलंय, दुसऱ्या कुणाला विचारलेलं नाही."

"पुरावा गोळा करतोय," हॅन्सफर्ड म्हणाले आणि त्यांनी घास गिळला. "चौदापैकी एक."

मीठ जास्तच होतं. पण मी पुन्हा मागून घेतलं. पुन्हा मागण्याचा अर्थ तिला आता कळत होता.