एका वेळी एकच काडी

घड्याळवाल्यांनी उभ्या आयुष्यात कधी वेळ चुकवली नव्हती. बायको गेल्यावर तिच्या फुलांनाही ते रोज सहाच्या ठोक्याला भरपूर पाणी घालायचे. आणि तिथंच तर घोडं पेंड खात होतं!

ती फुलं जेमतेम वीतभर उंचीची, लवंगेच्या वासाची. उन्हात तापलेल्या कोरड्या मातीत खूश, वर्षानुवर्षं त्याच जागी फुलणारी. बायको आधी मातीत बोट खुपसून बघायची आणि निम्म्या वेळा भरलेली झारी तशीच परत आणायची. पण ह्यांना हे सांगणार कोण? दुकान बंद झाल्यापासून घरात बोलायची ती एकटीच. हे आपले 'हं' म्हणायचे.

यंदा पानं पिवळी पडली. त्यांनी पाणी वाढवलं. शनिवारी शेवटचं रोप नुसतं धरलं तर उपटूनच हातात आलं, मुळं पार कुजलेली. तिची एवढी एकच जिवंत गोष्ट उरली होती, तीही आपणच मारली, म्हणून भला माणूस पायरीवर बसून ढसाढसा रडला. काय झालं विचारायला कुणी आलं नाही.

सोमवारी दुपारी कुंपणापलीकडून लवंगेचा वास आला. इतके दिवस तो आपल्याच वाफ्याचा वाटायचा. पलीकडे बायकोची मैत्रीण राहायची, नर्सबाई. अकरा वर्षांत ह्यांनी तिला मान हलवण्यापलीकडे ओळख दाखवली नव्हती. दोनदा फाटकापर्यंत जाऊन ते माघारी फिरले. तिसऱ्यांदा बेल वाजवली.

"फुलं मेली हो," एवढंच तोंडातून फुटलं.

"या, बसा. वाटच बघत होते तुमची. माझ्याकडची फुलंही तिनंच दिलेली." नर्सबाईंनी एक कोवळा शेंडा अलगद ओढून काढला आणि वाळूभरल्या कुंडीत खोचला.

घड्याळवाल्यांनी नर्सबाईंचा गच्च भरलेला वाफा बघितला. "एकच? एवढी आहेत की!"

नर्सबाई ओशाळल्या. "आहेत हो. पण दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मला बजावून गेली. म्हणाली, 'हे पाणी घालून घालून मारतील, मग येतील तुझ्याकडे. एका वेळी एकच काडी दे. सगळ्या एकदम दिल्यास, तर पुन्हा तोंड दाखवायचे नाहीत.'"

घड्याळवाल्यांनी कुंडी उचलून मांडीवर घेतली.

"दुसरी पुढच्या सोमवारी न्या," नर्सबाई म्हणाल्या. "कधीही या."

"कधीही नको," ते डोळे पुसत म्हणाले. "वेळ सांगा."